फौजीच्या बायकोला कशाची कमी?

हा प्रश्न आपल्या समाजात इतक्यांदा विचारला जातो की तो आता प्रश्न राहिलेला नाही, निकाल झाला आहे. नवरा पक्क्या नोकरीत, पगार वेळेवर, कॅन्टीनचे सामान, मिलिटरीचा दवाखाना, पुढे पेन्शन. अशा घरातली लेक रडत माहेरी आली तर आईबापही आधी तिच्याकडेच संशयाने बघतात. ‘नीट राहत नसेल.’ ‘तोंड चालवत असेल.’ आम्ही कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणांत वस्त्यांतून, पोलीस ठाण्यांतून, न्यायालयांच्या व्हरांड्यांतून जी वर्षे काढली त्यावरून एक सांगू शकतो. बिगारी कामगाराची बायको मार खाते तेव्हा ती दोन-तीन वर्षांत आमच्यापर्यंत पोचते. फौजीची बायको पोचते तेव्हा तिची थोरली पोर दहावीला असते.

असे का होते हे आपण आपसांत बोलले पाहिजे. काही बांधव म्हणतील, आता यांनी लष्करालाही सोडले नाही. आजकाल वर्दीविषयी साधी शंका काढली तरी देशद्रोहाचा शिक्का मारायला लोक टपलेले असतात, आणि त्यात आपली माणसे असली तर शिक्का जरा जास्तच ठळक उमटतो, हेही आम्हाला कळते. पण आम्ही लष्कराबद्दल बोलत नाही आहोत. आम्ही आपल्या घरांबद्दल बोलत आहोत, ज्यांच्या भिंतीवर एका बाजूला बाबासाहेब आहेत आणि दुसऱ्या बाजूला वर्दीतला मुलगा.

तो दुसरा फोटो आपल्याला फुकट मिळालेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी ‘लढाऊ जमाती’ नावाचे थोतांड उभे केले आणि महारांना भरतीची दारे बंद केली. ज्यांच्या बापजाद्यांची नावे कोरेगावच्या स्तंभावर कोरलेली होती ते अचानक लढायला नालायक ठरले. त्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये तीच मागणी थेट इंग्लंडच्या भारतमंत्र्यापुढे नेली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १११ महार पलटण उभी राहिली आणि गरज संपल्यावर १९२१ मध्ये मोडलीही. बाबासाहेबांच्या पाठपुराव्यानंतर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. बाबासाहेब स्वतः लष्करी घरातले. वडील रामजी सुभेदार, आई भीमाबाईंचे माहेरही लष्करी. छावणीतल्या शाळेमुळे आपल्या पहिल्या काही घरांत अक्षर आले.

म्हणून वर्दीचा अभिमान आम्हालाही आहे. पण तो अभिमान कशाचा? गावाने ज्याला माणूस म्हणून उभे केले नाही त्याला ताठ उभे राहण्याचा हक्क मिळाला, याचा. आता हाच ताठ माणूस घरी येऊन दुसऱ्या माणसाला वाकवत असेल, तर वलंगकरांच्या अर्जाचा आपण काय अर्थ लावला?

तारखा बघण्यासारख्या आहेत. ऑक्टोबर १९४१ मध्ये रेजिमेंट उभी राहते आणि दहा महिन्यांच्या आत, २० जुलै १९४२ रोजी, नागपूरला दलित महिला परिषदेत बाबासाहेब हजारो बायांसमोर बोलतात. समाजाची प्रगती मी त्यातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे ते त्या दिवशी म्हणाले. लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभे राहावे, गुलाम व्हायला नकार द्यावा, असेही सांगितले. आपण पहिली तारीख लक्षात ठेवली. तिच्यावर बॅनर छापतो. दुसरी तारीख किती जणांना सांगता येईल?

आता मुद्द्यावर येतो. मागे एका तालुक्याच्या गावी आम्हाला बोलावणे आले. निवृत्त हवालदार, विहार समितीचा सदस्य, पहाटे पाच वाजता भरतीच्या पोरांना मैदानावर पळवणारा माणूस. त्याच्या हाताखालून आठ पोरे सैन्यात आणि पोलिसांत लागलेली. बायकोचा हात मोडला होता. पहिल्यांदा नव्हे. विहारात बैठक बसली आणि एकामागून एक माणूस उठून त्या आठ पोरांचा हिशेब सांगू लागला. हाताचा हिशेब कोणी सांगेना. अध्यक्ष म्हणाले, ‘‘त्याच्यामुळं समाजाचं नाव झालं. आता आपणच पोलिसात गेलो तर वरच्या आळीचे लोक हसतील.’’ मागे भिंतीला टेकून बसलेली एक आजी एवढेच बोलली, ‘‘त्यानं पोरांना पळायला शिकवलं, अन् बायकोलाबी.’’

बैठक तिथेच मोडली. आम्ही ताईंना घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेलो, तिथून ठाण्यात. समितीला आमची एकच मागणी होती: प्रकरण न्यायालयात आहे तोवर या माणसाने १ जानेवारीच्या मानवंदनेत पुढे उभे राहू नये. त्यावरून दोन गट पडले, आमच्याविरुद्ध पत्रक निघाले, ‘समाजात फूट पाडणारे’ ही पदवी मिळाली. मिळू दे. फूट त्या घरात आधीच पडलेली होती, हाडात.

‘वरच्या आळीचे हसतील’ ही भीती खोटी नाही. सवर्ण घरात बायकोला मारले तर तो एका माणसाचा दोष ठरतो, आपल्या घरात मारले तर तो जातीचा दोष ठरतो. हे आम्हाला रोज दिसते. ठाण्यातला हवालदार आडनाव विचारतो, वस्ती विचारतो आणि मग पेन खाली ठेवतो. ‘तुमच्यात चालतंच हे.’ पण या अन्यायाची किंमत कोणी भरायची? जातीची इज्जत वाचवण्यासाठी बाईने हाड मोडून घ्यायचे, हा सौदा आपण कधी केला? सवर्णांच्या घरात कुळाची इज्जत बाईच्या अंगावर ठेवतात म्हणून आपण त्यांना शंभर वेळा सुनावले. तेच ओझे उचलून आपल्या बाईच्या डोक्यावर ठेवताना नाव फक्त बदलले.

छावणीच्या आतली गोष्ट वेगळी आणि जास्त अवघड. फॅमिली क्वार्टरमध्ये राहणाऱ्या जवानाच्या बायकोचे घर, शेजार, मुलांची शाळा, दवाखाना सगळे नवऱ्याच्या नोकरीला बांधलेले असते. क्वार्टर त्याच्या नावावर, कार्डे त्याच्या नावावर. माहेर हजार मैलांवर, आजूबाजूला हिंदी, आणि शेजारीण म्हणजे नवऱ्याच्या हाताखालच्याची किंवा वरच्याची बायको. ती तक्रार घेऊन जाणार कुठे? युनिटच्या बायकांच्या कल्याणाचे काम असते, तिथे पुढे असते कमांडिंग ऑफिसरची पत्नी. म्हणजे नवऱ्याच्या साहेबाच्या बायकोपुढे जाऊन नवऱ्याची तक्रार करायची. त्या बाई चांगल्याही असतात. एका ताईंना अशाच एका मॅडमनी रात्री स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेल्याचे आम्हाला माहीत आहे. पण प्रश्न मॅडम चांगल्या की वाईट हा नाहीच. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला क्रमिक विषमता म्हटले, एकावर एक रचलेल्या पायऱ्या. इथे नवऱ्यांच्या पायऱ्या जशाच्या तशा बायकांना लावलेल्या आहेत. सुभेदाराची बायको नायकाच्या बायकोच्या वर बसते. अशा जिन्यावर खालच्या पायरीवरची बाई दाद मागत नाही, कृपा मागते. आणि कृपेची पद्धत अशी की नवऱ्याला बोलावून समज देतात. समज घेऊन आलेला नवरा त्या रात्री काय करतो, हे आमच्याकडे आलेल्या जवळपास प्रत्येक ताईने वेगवेगळ्या शब्दांत सांगितले आहे.

मग येते ताणाची गोष्ट. सीमेवर असतो, सुट्टी मिळत नाही, मित्र डोळ्यांदेखत जातात, त्याचा राग कुठेतरी निघणारच. ताण खरा आहे, आम्ही तो नाकारत नाही. झोप न येणाऱ्या, दरवाजा वाजला की दचकणाऱ्या माणसांना आम्ही पाहिले आहे. लष्कराच्या दवाखान्यांत मनोविकाराचे डॉक्टर असतात, त्यांच्याकडे जायला लाज वाटू नये म्हणून समाजाने बोलले पाहिजे. पण राग आवरत नाही म्हणणारा हाच माणूस कमांडिंग ऑफिसरने आईवरून शिवी दिली तरी हात शिवणीला लावून उभा असतो. तिथे आवरतो. घरी आवरत नाही, कारण घरी आवरायची गरज नाही असे त्याला सर्वांनी मिळून शिकवले आहे. कुणावर हात उगारता येतो आणि कुणावर नाही, हे ज्याला बिनचूक कळते त्याच्या रागाला आम्ही आजार मानायला तयार नाही.

दारूचेही असेच. कॅन्टीनचा कोटा हा गावात मानाचा विषय झाला आहे. सुट्टीवर आलेला फौजी रमची बाटली घेऊन आला की सरपंचापासून मेहुण्यापर्यंत सगळे त्याच्याभोवती. पंचशीलातले पाचवे शील आपण दर पौर्णिमेला मोठ्याने म्हणतो. बाटली कॅन्टीनची असली की ते शील लागू होत नाही, असे कुठल्या भन्तेंनी सांगितले ते आम्हाला ठाऊक नाही.

मार दिसतो. उपासमार दिसत नाही. लष्करी घरांतल्या छळाचा मोठा भाग मारहाणीचा नाहीच, तो सोडून देण्याचा आहे. नवरा दूरवर, बायको गावी सासू-सासऱ्यांकडे. पगाराचे एटीएम सासऱ्याच्या खिशात. बाईला साबण घ्यायचा तर दिराकडे हात पसरायचा. फोन दिरानेच रिचार्ज करायचा, म्हणजे ती माहेरी काय बोलते तेही त्याच्या ताब्यात. वर्षातून दोनदा नवरा येतो, आईचे ऐकतो, जातो. आमच्याकडे आलेल्या एका ताईची गोष्ट अशी. लग्न विहारात झाले, नोंदणी कोणी केली नाही, पण युनिटमध्ये लग्नाची नोंद कशीबशी झाली होती. पहिली मुलगी झाली, तिचीही झाली. दुसरीही मुलगी झाली आणि नवऱ्याने तिची नोंदच करायला दिली नाही. लष्करात लग्न, जन्म, मृत्यू या गोष्टी ‘पार्ट टू ऑर्डर’ नावाच्या कागदावर चढवाव्या लागतात, मग कार्ड मिळते, दवाखाना मिळतो. ती पोर चार वर्षांची होईपर्यंत सरकारच्या लेखी जन्मलीच नव्हती. तिला न्यूमोनिया झाला तेव्हा ताईने मंगळसूत्रातले मणी विकून खाजगी दवाखान्याचे बिल भरले. बापाच्या पगारावर जिचा हक्क ती मुलगी. याला दुर्लक्ष हा शब्द फार सौम्य आहे, पण कायद्यातही हाच शब्द आहे आणि कायदा त्याला गुन्हा म्हणतो. ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने त्याला मारले, टाकून दिले किंवा जाणूनबुजून त्याची अशी आबाळ केली की मुलाला विनाकारण त्रास होईल, तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘पोरांना शिस्त लावतो’ म्हणत पट्ट्याने मारणारे बाप हे कलम वाचतील तर बरे.

कायद्याविषयी सविस्तर लिहितो, कारण या प्रकरणांत बाईला सगळ्यात जास्त फसवले जाते ते ‘मिलिटरीवाल्याला कायदा लागत नाही’ या एका वाक्याने. हे वाक्य सासरचे बोलतात, ठाण्यातले बोलतात, कधी कधी वकीलही बोलतात.

लागतो. सैनिकाला अटकेपासून जे संरक्षण आहे ते कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल. बायकोला मारणे हे कुठल्याही पलटणीचे कर्तव्य नाही. क्रूरतेचा गुन्हा, जो पूर्वी भारतीय दंड संहितेच्या ४९८-अ मध्ये होता आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ आणि ८६ मध्ये आहे, तो जवानालाही लागतो आणि जनरललाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा तर आमच्या मते या घरांसाठीच लिहिल्यासारखा आहे. त्यात शारीरिक मार आहेच, शिवाय लैंगिक जबरदस्ती, शिवीगाळ आणि अपमान, आणि आर्थिक छळही आहे. एटीएम सासऱ्याच्या खिशात असणे हा या कायद्यात छळ आहे. पोस्टिंग कुठेही असो, बाई सध्या जिथे राहते, तात्पुरती का होईना, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. काश्मीरला जावे लागत नाही. सासरचे घर तिच्या नावावर नसले तरी तिथून तिला हाकलता येत नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की घर सासऱ्याच्या मालकीचे आहे एवढ्यावरून ते सामायिक घर नाही असे म्हणता येत नाही. अर्ज करायला वकील परवडत नसेल तर संरक्षण अधिकारी आहेत, ते कौटुंबिक घटना अहवाल लिहून घेतात. आणि स्त्रियांना, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या कोणालाही, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

पैशाचा घोळ थोडा वेगळा आहे. १९५० च्या आर्मी ॲक्टचे कलम २८ सांगते की सैनिकाचा पगार दिवाणी किंवा महसूल न्यायालयाच्या हुकमाने जप्त करता येत नाही. इथे बरेच वकील हात टेकतात. पण त्याच कायद्याच्या कलम ९० आणि ९१ मध्ये, अधिकाऱ्यांसाठी आणि इतर सर्वांसाठी, बायको आणि मुलांच्या पोटगीची रक्कम पगारातून परस्पर कापून देण्याची तरतूद आहे. औरस-अनौरस असा भेदही त्यात केलेला नाही. २००१ च्या आर्मी ऑर्डरमध्ये याची पद्धत दिली आहे. बाईने युनिटच्या कमांडिंग ऑफिसरला अर्ज करायचा, नवऱ्याला कारणे दाखवा नोटीस जाते, त्याचे म्हणणे आणि शिफारशी वर जातात आणि वरचा अधिकारी हुकूम काढतो. पत्नीसाठी पगार-भत्त्यांच्या २२ टक्क्यांपर्यंत, प्रत्येक मुलासाठी साडेपाच टक्क्यांपर्यंत, सगळे मिळून ३३ टक्क्यांपर्यंत. घटस्फोट झालेला असावा लागत नाही. अर्ज साध्या कागदावर चालतो.

पण हा मार्ग पुरेसा नाही आणि त्यावर कोणी विसंबून राहू नये. कमांडिंग ऑफिसर म्हणजे न्यायाधीश नव्हे, तो आरोपीचा साहेब आहे. त्याला आपल्या युनिटचे नाव राखायचे असते. शिवाय नवरा निवृत्त झाला की पगार संपला, कपात संपली. म्हणून दोन्ही अर्ज एकाच वेळी करावेत, एक युनिटकडे आणि एक न्यायालयात.

अर्ज करायला निघालेल्या बाईला पहिली अडचण येते ती भलतीच. तिला नवऱ्याचा आर्मी नंबर ठाऊक नसतो. युनिटचे नाव ठाऊक नसते. पत्ता विचारला तर ‘५६ एपीओ’ एवढेच. बारा वर्षे संसार झालेली बाई आणि नवरा कुठे नोकरी करतो ते सांगता येत नाही, याबद्दल ठाण्यात तिला हसतात. तिला ते सांगितलेलेच नसते. म्हणून आमची प्रत्येक माहेरवाल्याला विनंती आहे. साखरपुड्यात मुलाचा पगार विचारता, पेन्शन विचारता, आता तर ‘पेन्शनवाला जावई’ म्हणून वरचढ हुंडाही मोजता, तेव्हा त्याचा आर्मी नंबर, हुद्दा, युनिट आणि रेकॉर्ड ऑफिसही एका वहीत लिहून ठेवा. लग्न विहारात करा, पण नोंदणी त्याच आठवड्यात करा. आणि तो नक्की लष्करात आहे की सीआरपीएफ, बीएसएफमध्ये, हेही बघा. आपण गावाकडे सगळ्यांनाच मिलिटरी म्हणतो. ती दले गृह मंत्रालयाखाली येतात, त्यांचे कायदे आणि अर्जाचे पत्ते निराळे. चुकीच्या दारात अर्ज गेला की सहा महिने गेले.

बाई गप्प राहते त्याचे सगळ्यात मोठे कारण मात्र अजून सांगायचे राहिले. मार, भीती, इज्जत हे सगळे आहेच. पण आमच्याशी एकटी बसली की ती हळूच विचारते, ‘‘त्याची नोकरी गेली तर?’’ नोकरी गेली तर क्वार्टर गेले, दवाखाना गेला, पेन्शन गेले, पोरांची शाळा गेली. म्हणजे तक्रार केली तर शिक्षा तिलाच. हे तिचे भाबडेपण नाही, हा पक्का व्यवहारी हिशेब आहे, आणि आम्ही तिला ‘हिंमत कर’ एवढे सांगून त्याचे उत्तर देऊ शकत नाही.

उत्तर देता येते, हे अमेरिकेच्या लष्कराकडे बघून कळते. तिथे सगळे आलबेल आहे असे मुळीच नाही. २००२ च्या उन्हाळ्यात फोर्ट ब्रॅग या छावणीत काही आठवड्यांत चार सैनिकांच्या बायकांचे नवऱ्यांच्या हातून जीव गेले तेव्हा त्या देशाला हादरा बसला होता. पण तिथल्या तीन गोष्टी आम्हाला घेण्यासारख्या वाटतात. कौटुंबिक छळाची तक्रार करणाऱ्या बाईला तिथे दोन वाटा आहेत. एक नेहमीची, ज्यात वरिष्ठ आणि पोलीस येतात. दुसरी अशी की नवऱ्याच्या साहेबाला न कळवता तिला उपचार आणि सल्ला घेता येतो. दुसरी गोष्ट, कौटुंबिक हिंसेच्या किरकोळ गुन्ह्यात जरी दोषी ठरला तरी माणसाला बंदूक बाळगता येत नाही, आणि १९९६ चा हा कायदा सैनिकालाही लागू आहे. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. छळाच्या कारणावरून सैनिकाला नोकरीतून काढले तर त्याच्या बायको-मुलांना १२ ते ३६ महिने सरकार दरमहा रक्कम देते. म्हणजे ‘त्याची नोकरी गेली तर?’ हा प्रश्न तिथल्या कायद्याने ऐकला. आपल्याकडे तो अजून बायाच एकमेकींना विचारतात.

ही मागणी आपल्या संघटनांनी उचलली पाहिजे. आरक्षणाचा अनुशेष, अग्निवीरांचे पेन्शन यावर आपण निवेदने देतो, दिलीच पाहिजेत. त्याच निवेदनात एक परिच्छेद जवानाच्या बायकोचा का नसावा? जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये प्रत्येक जिल्ह्यात नसली तरी बहुतेक ठिकाणी आहेत. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने सैनिकांच्या कुटुंबांना कायद्याची मदत देण्यासाठी योजनाही सुरू केली. तिचा भर आहे तो सीमेवर असलेल्या जवानाच्या गावाकडच्या खटल्यांवर, जमिनीच्या वादांवर. चांगली गोष्ट आहे. पण ज्या बाईचा खटला त्या जवानाशीच आहे ती त्या टेबलासमोर बसली तर समोरच्याने तिच्याकडे कुटुंब म्हणून बघायचे की विरोधी पक्षकार म्हणून? एका जिल्ह्यातल्या अशाच कार्यालयात आमच्यासोबत आलेल्या ताईला ऐकवले गेले, ‘‘हे ऑफिस सैनिकांच्या कल्याणासाठी आहे, मॅडम.’’ तिथे निदान एक स्त्री समुपदेशक आणि एक वकील असे बसवा की ज्यांचा सैन्याशी काही संबंध नाही.

आणि विहार समित्यांना थेट सांगतो. मिटवामिटवी बंद करा. कागदावर सही घेऊन बाईला परत पाठवणे हा समझोता नाही. समितीला तो अधिकार कायद्याने दिलेला नाही. रात्री कोणी दार वाजवले तर ११२, १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक विहाराच्या दारावर रंगवा, वर्गणीदारांच्या यादीशेजारी जागा आहे. दवाखान्यात नेताना आधी डॉक्टरांना मार कुणी दिला हे लिहायला सांगा. ‘पडली’ असे लिहून आणलेले कागद पुढे फार छळतात.

न्यूमोनिया झालेल्या त्या मुलीच्या आईने गेल्या पावसाळ्यात दोन अर्ज केले. न्यायालयातला आमच्या वकील मैत्रिणीने लिहिला. युनिटला पाठवायचा मात्र ताईने स्वतः मराठीत लिहिला, आम्ही हिंदी प्रत जोडली, पोचपावतीसह रजिस्टर पोस्टाने पाठवला. आर्मी नंबर तिने पेटीतल्या जुन्या मनीऑर्डरच्या पावतीवरून शोधून काढला. दरमहाच्या रकमेचा हुकूम अजून यायचा आहे. न्यायालयाने अंतरिम पोटगी दिली, त्यातले दोन हप्ते आले, तिसरा थकला. पण युनिटने नवऱ्याला बोलावून कागदपत्रे मागितली आणि मागच्या महिन्यात धाकटीची पार्ट टू ऑर्डर निघाली. ताई ती प्रत घेऊन आली होती. इंग्रजीत काय लिहिले आहे ते वाचून दाखवा म्हणाली. आम्ही मुलीचे नाव आणि जन्मतारीख वाचली. ती म्हणाली, तारीख बरोबर आहे.